मुकी शाळा

"कान बाहेर ठेवून ये," सिस्टर पारखे म्हणाल्या. "इथं डोळे लागतात."

ऑपरेशन कुणाचंच नव्हतं. टेबलावर पेशंटच्या जागी घडी घातलेलं लाल ब्लँकेट होतं आणि त्याच्या पलीकडे सिस्टर स्वतःच डॉक्टर होऊन उभ्या होत्या. अलीकडे मी, शेजारी हत्यारांची ट्रॉली. त्यांनी दोन बोटं उघडझाप केली, मी कात्री दिली. अंगठा आणि तर्जनी जुळवली, मी चिमटा दिला. मनगट फिरवलं, मी सुई लावलेला होल्डर दिला. मग त्यांनी तळहात नुसताच पसरला. मी पुन्हा चिमटा दिला. त्यांनी तो उलटा धरला आणि माझ्या बोटांच्या पेरांवर टकदिशी हाणला.

"उघडा हात म्हणजे?"

"आर्टरी, सिस्टर." म्हणजे रक्तवाहिनी पकडायचा चाप.

"मग मघाशी कुठं चरायला गेली होतीस?"

मी द्वारका उगले, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. गोदाकाठच्या तालुक्याच्या गावातलं मिशनचं हॉस्पिटल, त्यात एकच थिएटर, आणि त्या थिएटरवर सिस्टर एस्तेर पारखे यांचं राज्य. त्यांच्या या शिकवणीला आम्ही पोरी 'मुकी शाळा' म्हणायचो. त्यांच्या पाठीमागे, अर्थातच. पाठीमागे काहीही बोललं तरी त्यांना पत्ता लागत नसे आणि ते आम्हांला फार सोयीचं होतं. सोयीच्या गोष्टीचं कारण कोण विचारतं?

हाक मारली तर त्या वळत नसत. माझी रूममेट वत्सला भिसे म्हणायची, "राणीसरकार आहेत बाई. समोर जाऊन मुजरा करा, मग बघतील." आणि समोर गेलं की तोंडाकडे अशी टक लावून बघत की आपण काहीतरी चोरून खाल्लंय असंच वाटावं. वत्सलेला त्यांचा धाक होता, मलाही होता. पण मी त्यांच्याविषयी वेडंवाकडं ऐकून घेत नसे. थिएटरातल्या पहिल्याच दिवशी हर्नियाच्या ऑपरेशनला मी रक्त बघून धाडकन पडले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडले. मेट्रन म्हणाल्या, हिला वॉर्डातच ठेवा, ही काही थिएटरची नाही. सिस्टर म्हणाल्या, "पडू दे. टेबलावर नाही, मागं पडायचं, एवढं शिकली की बास." तिसऱ्या दिवशी मी उभी राहिले. त्या गोष्टीला कितीही वर्षं झाली तरी माझ्या मनातून ती जाणार नाही.

जुने सर्जन डॉक्टर रणपिसे आणि सिस्टर यांची जोडी वीसेक वर्षांची. रणपिसे मुळातच अबोल. ते हात पुढे करायचे आणि हातात हवं ते यायचं, कित्येकदा हात पुढे व्हायच्या आधीच. डॉक्टरांच्या मनातलं सिस्टरना कळतं अशी पंचक्रोशीत ख्याती होती. त्या उन्हाळ्यात रणपिसे निवृत्त झाले आणि मुंबईहून डॉक्टर धारप आले. तरुण, सज्जन, हळू आवाजाचे. "सिस्टर, जरा आर्टरी देता का," असं मास्कच्या आतून पुटपुटायचे आणि हात कसाही पुढे करायचे. कधी कधी करायचेच नाहीत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी चाप मागितला आणि सिस्टरनी कात्री दिली. धारपांनी ती नुसती परत केली. दोन दिवसांनी त्यांनी जाड दोरा मागितला, सिस्टरनी बारीक दिला. बाहेर आल्यावर सिस्टर आम्हांला म्हणाल्या, "ह्या माणसाच्या हाताला वळणच नाही." आम्हांला ते अगदी पटलं.

मग ते भांडं पडलं. वत्सला त्या दिवशी थिएटरात सामान आणून द्यायला होती. सलाइन ओतायचं स्टीलचं मोठं भांडं तिच्या हातातून सटकलं आणि थेट सिस्टरच्या पाठीमागे फरशीवर आदळलं. धारपांचा हात थबकला. भूल देणाऱ्या चिटणीसबाई "अगं बाई गं!" म्हणून स्टुलावरून उठल्या. मी तर जागच्या जागी उडाले. सिस्टर सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी तो ओवला, टोक ओढून सारखं केलं आणि मग आम्ही सगळे असे का बघतोय म्हणून मान वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारं निर्जंतुक करायच्या खोलीत त्या पाठमोऱ्या बसून गॉजच्या घड्या घालत होत्या. मी दारात उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, तुमच्या पायाशी विंचू आहे."

त्यांनी घडी घातली. दुसरी घेतली. तीही घातली.

"सिस्टर, विंचू," मी जरा मोठ्यानं म्हणाले. त्या गॉजचा कोपरा नखानं दाबत होत्या.

खरंच विंचू असता तरी मी एवढी घाबरले नसते. बाहेर त्या आमचे ओठ वाचत होत्या. थिएटरात सगळ्यांच्या तोंडाला मास्क, म्हणून हात वाचत होत्या. आम्हांलाही हातांचीच भाषा शिकवत होत्या. रणपिशांच्या हातांना बोलता येत होतं. धारपांच्या हातांना येत नव्हतं आणि टेबलावर रोज कुणीतरी पोट उघडं टाकून निजत होतं.

तेव्हापासून मला अन्न गोड लागेना. सांगावं, तर सिस्टर थिएटरातून जाणार. त्या बाईनं थिएटर सोडून दुसरं काही केलंच नव्हतं, वॉर्डातल्या पेशंटशी दोन शब्द बोलायचे तरी त्यांचा जीव अवघडायचा. न सांगावं, तर उद्या काही झालं तर ते माझ्याच्यानं कसं निभणार? मी मेट्रनच्या दारापर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्यांदा गेले तर त्यांनी बघितलंच.

"काय गं?"

"चादरी कमी पडतात," मी म्हणाले.

मेट्रननी चादरी दिल्या. त्या गठ्ठ्यासकट मी परत आले आणि स्वतःवर चिडून रडले. शेवटी मनाशी ठरवलं, अपेंडिक्स, हर्निया यांचं सगळं ठरल्या क्रमानं चालतं, सिस्टरना तो क्रम पाठ आहे. काही अवघड आलं की लगेच सांगायचं. अवघड ते आधी सांगून येतं अशी माझी समजूत होती.

ते आलं दुपारी, जेवणं आटोपता आटोपता. एका जीपमधून चांगुणा नावाची बाई आणली. दोन लेकरांची आई, कांद्याच्या वावरात पोटात कळ येऊन पडलेली. चेहरा ताकासारखा पांढरा. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. पोटात रक्त साचत होतं. भावाचं रक्त जुळलं, त्याची एक बाटली मिळाली, दुसरी कुठून आणणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चिटणीसबाईंनी मनगट चाचपलं आणि म्हणाल्या, "नाडी लागत नाहीये मला. काय करायचं ते आत्ता करा."

धारप आणि मी शेजारी शेजारी हात धूत होतो. सिस्टर आत ट्रॉली मांडत होत्या. दुसरी थिएटर नर्स बाळंतपणाच्या रजेवर, आणि मी एकटीनं ट्रॉली कधी सांभाळली नव्हती. सांगायचं तर हीच वेळ होती. मी तोंड उघडलं.

"डॉक्टर—"

"रिट्रॅक्टर तुमच्याकडे," ते म्हणाले. "पोट घट्ट ओढून धरा. काही झालं तरी सोडू नका."

"हो," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

मी त्यांच्या समोर, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. माझ्या डाव्या हाताला लागून सिस्टर. पोट उघडलं आणि रक्त काठोकाठ वर आलं. रक्त ओढणारी सक्शनची नळी गुठळीनं तुंबली, नुसती घरघरू लागली. धारपांनी दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले आणि फुटलेली जागा बोटांनी चाचपून धरली.

"चाप," ते म्हणाले.

सिस्टर त्यांच्या हातांकडे बघत होत्या. हात रक्तात होते. खूण करायला वर काही उरलंच नव्हतं.

"सिस्टर, चाप. लांब."

सिस्टरचा हात ट्रॉलीवर तरंगत राहिला. आधी रक्त टिपायच्या मॉपकडे गेला, मग कात्रीकडे, मग मागे आला. त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच असे पाहिले. परक्या स्टँडवर उतरलेल्या म्हाताऱ्या माणसासारखे इकडून तिकडे फिरत होते.

दुसऱ्याच्या ट्रॉलीला हात लावायचा नाही, हा मुक्या शाळेतला पहिला नियम. मी रिट्रॅक्टर उजव्या हातात घट्ट धरला, डावा मोकळा केला आणि सिस्टरच्या नजरेसमोर नेऊन तळहात उघडा पसरला. मग बोटं लांब ताणली.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं, तिथं मास्क. पुन्हा हाताकडे. क्षणात लांब चाप धारपांच्या बोटांशी होता.

"मॉप," धारप म्हणाले. मी मूठ केली. मॉप आला. "अजून एक." मी पुन्हा मूठ केली. "दुसरा चाप. वाकडा." मी तळहात उघडून बोटं वाकवली. धारपांची मान खालीच होती, त्यांना मागितलेलं मिळत होतं, एवढंच त्यांना कळत होतं. सिस्टर आता त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर माझ्या डाव्या हातावर खिळली होती आणि मी जे जे ऐकत होते ते त्या हातानं बोलत होते. रिट्रॅक्टरच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. एक खूण चुकली तर, हेच डोक्यात घुमत होतं.

फुटलेली नळी कापून निघाली. आता तिच्या बुंध्याशी दोरा बांधायचा होता. धारपांनी गाठ मारली, चाप काढला आणि दोऱ्याची दोन्ही टोकं एकत्र धरून वर उचलली.

रणपिशांच्या भाषेत याचा अर्थ एकच. गाठ पक्की, दोरा कापा. नर्सनं न सांगता कापायचा. वीस वर्षं सिस्टरनी तो तसाच कापला होता. त्यांची कात्री पुढे झाली.

"कापू नका," धारप म्हणाले. "गाठ सैल आहे. कापू नका!"

तो बुंधा दोऱ्याच्या जोरावरच वर धरलेला होता. दोरा तुटला असता तर तो सुटून खाली गेला असता, आणि पुन्हा रक्तात शोधत बसायला चांगुणाच्या अंगात काही उरलं नव्हतं. मी डावा हात वर केला आणि हात तसाच राहिला. 'द्या' म्हणायला आमच्याकडे वीस खुणा होत्या. 'नको' म्हणायला एकही नव्हती. मुक्या शाळेत कुणी ती शिकवलीच नव्हती, तिची कधी गरजच पडली नव्हती. कात्रीची पाती दोऱ्याच्या दोन बाजूंना आली.

मी सिस्टरचं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, दाबून मागे ओढलं.

थिएटरात विद्यार्थिनीनं सिस्टरचा हात धरला होता. वत्सला भिंतीशी उभी होती, तिनं "आई गं" म्हणून श्वास आत ओढला. धारपांनी मान वर केली.

"सिस्टर, मी कापू नका म्हणालो! दोनदा म्हणालो!"

सिस्टर माझ्या बोटांकडे बघत होत्या. मला वाटलं आता त्या हात झटकतील, मला बाहेर काढतील. त्यांनी कात्री ट्रॉलीवर ठेवली. मग धारपांकडे बघून, नेहमीच्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, मला ऐकू येत नाही."

"तुम्ही काय बोलता ते मला एक अक्षर कळत नाही. ही पोरगी ऐकते आणि मला दाखवते. दोरा सोडू नका. हिला सांगा काय हवं, मी देते. पेशंट उघडा आहे, चला."

धारपांनी एकदा चिटणीसबाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. रागावायलाही सवड नव्हती. "द्वारका," ते म्हणाले, "वाकडा चाप. आणि मग जाड दोरा." मी बोटं वाकवली. चाप आला. मी चिमटीत हवेतला दोरा ओढून दाखवला, जाड म्हणून चिमूट रुंद केली. जाड दोरा आला. दुसरी गाठ बसली. धारपांनी टोकं उचलली आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "आता कापा." मी दोन बोटं मिटली. सिस्टरनी दोरा कापला. आम्ही सगळे त्या बुंध्याकडे बघत राहिलो. तो कोरडा राहिला.

पोट पुसून घेतलं, शिवायला सुरुवात झाली. निम्मे टाके झाल्यावर चिटणीसबाई पेशंटच्या डोक्याशी मान वाकवून काहीतरी म्हणाल्या. धारपांचे खांदे खाली आले. वत्सला भिंतीला टेकली. मी रिट्रॅक्टर सोडला. सिस्टर पुढची सुई होल्डरला लावत होत्या.

त्या संध्याकाळी सिस्टर आपण होऊन मेट्रनकडे गेल्या. तरुणपणी वॉर्डात काम करता करता त्यांना क्षय लागला होता. त्या वेळच्या इंजेक्शनांनी क्षय गेला आणि जाता जाता कान घेऊन गेला, आधी एक, मग दुसरा. रणपिशांना ठाऊक होतं. त्या खुणा दोघांनी मिळून बसवल्या होत्या. धारप मनाचे मोठे, ते म्हणाले मी शिकतो खुणा, त्यात काय. सिस्टरनीच नको म्हटलं. "पोटात हात गेले की खुणा बुडतात," त्या म्हणाल्या. त्या पुन्हा कधी ऑपरेशनला उभ्या राहिल्या नाहीत. ब्लँकेटच्या पलीकडे मात्र निवृत्त होईपर्यंत उभ्या राहिल्या आणि पोरींच्या बोटांवर चिमटे हाणत राहिल्या. मी स्वतः पुढचा सगळा जन्म थिएटरात काढला. मेट्रनच्या दारातून चादरी घेऊन परत आले त्याबद्दल मी स्वतःला माफ केलं की नाही, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं. चांगुणाला चिटणीसबाई आणि धारपांनी स्ट्रेचरवरून पलीकडच्या खोलीत नेलं. वत्सला फरशी पुसायला पाणी आणायला गेली. सिस्टर सिंकपाशी हत्यारं धूत होत्या, माझ्याकडे पाठ. मी सवयीनं मागूनच "सिस्टर" म्हणणार होते. मग भानावर आले, वळसा घालून सिंकच्या पलीकडे गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"सिस्टर, माझं चुकलं," मी म्हणाले. "मी तुमचा हात धरला."

त्यांनी नळ बंद केला. माझ्याकडे बघत राहिल्या.

"मास्क काढ," त्या म्हणाल्या.

मी मास्क खाली ओढला. मी रडत होते, तेही त्यांना आता दिसलं असेल. मी पुन्हा तेच म्हणू लागले, तर त्यांनी ओला हात हलवून ते बाजूला सारलं.

"ते राहू दे. टाके घालताना चिटणीसबाई काहीतरी म्हणाल्या ना? त्यांची मान हलली. मग तुम्ही सगळे सैल पडलात." त्यांचा खणखणीत आवाज पहिल्यांदाच खाली आला. "माणूस दोन्हींनी सैल पडतं, द्वारके. वीस वर्षं मी हेच बघत आलेय. दार उघडून बाहेर जाईपर्यंत मला कळायचं नाही. काय म्हणाल्या त्या? राहते म्हणाल्या, का जाते?"

"राहते," मी म्हणाले. "नाडी भरली म्हणाल्या. राहते."

सिस्टर माझ्या ओठांकडे बघत होत्या.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.